आमच्या ह्यांच्या प्रेसवरचा माल

उरवड्याच्या कारखान्यात माझं काम अंधाऱ्या खोलीतलं. गाडीचं पुढचं चाक ज्या लोखंडी भागावर बसतं, तो आमच्याकडं तापवून, प्रेसखाली दाबून घडवतात. मी त्यावर चुंबकाची पूड मिसळलेलं तेल सोडते आणि जांभळ्या दिव्याखाली फिरवून बघते. चीर असली की हिरवी रेघ चमकते, आणि तो भाग लाल क्रेटमध्ये जातो. दिवसभर हेच. सुट्टीच्या दिवशीसुद्धा डोळे चुरचुरतात.

मध्यंतरी भिंतीवर बोर्ड लागला, दर्जा वाढवा, खर्च कमी करा. म्हणजे उपास धरा आणि वजनही वाढवा! पण बोलायचं कुणाला? खर्च वाचवायचा म्हणून झिजलेले साचेच पुढं चालवायला लागले. त्यातला एक आमच्या ह्यांच्या प्रेसवर होता. ह्यांनी सुपरवायझरला दोनदा सांगितलं की साचा गेलाय, कडेला माल दुमडतोय, चिरा पडणार. तो म्हणाला, एवढी ऑर्डर निघू दे. त्याचंही डोकं वरचे खात होते, ते मला दिसत होतं.

मग तो माल माझ्या टेबलावर आला. एक उचलला, रेघ. दुसरा उचलला, रेघ. सुपरवायझरनं आत येऊन दार लावून घेतलं. हळू आवाजात म्हणाला, वहिनी, बारीक रेघा सोडून द्या, नाहीतर रिजेक्शन प्रेसवाल्याच्या नावावर चढतं, आणि तुमच्या ह्यांना पर्मनंट करायचं आत्ताच चाललंय. किती वर्षं कंत्राटात घासली होती ह्यांनी! मला असा संताप आला की वाटलं, तेलाचा डबा ह्याच्या डोक्यावर रिकामा करावा. झिजलेला साचा चालवायचा वरच्यांनी आणि नाव आमच्या माणसाचं!

पण रेघ तर होतीच. तो भाग कुणाच्या तरी गाडीला बसणार होता, आणि ती गाडी पोराबाळांना घेऊन चांदणी चौकाच्या उतारावरून जाणार होती.

"साहेब, मला दिसतंय ते दिसतंय," मी एवढंच म्हणाले. सगळा माल लाल क्रेटमध्ये टाकला.

त्यानंतर मात्र साचा लगेच बदलला. नवा माल चांगला निघाला, रिजेक्शन उतरलं, पेढेसुद्धा वाटले. आमच्या ह्यांना प्रेसवरून काढून गोडाऊनला माल उचलायला टाकलं. पर्मनंटचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

ह्यांना गोडाऊनला टाकलं त्या संध्याकाळी मी भाकरी करत होते आणि हे जेवायला बसले होते. मग ताटाकडंच बघत म्हणाले, "तुजं बराबर हाय. तुज्या जागी मी असतो तर मीबी तेच केलं असतं. पन आज माज्याकडं बगू नको."

मी गॅसकडं तोंड केलं आणि त्यांचं जेवण होईपर्यंत वळले नाही.