कमरेची सुपारी

लंडनमध्ये एजवेअरला आम्ही दोघांनी घर घेतलं. दोघांच्या पगारावर, दोघांच्या सहीनं. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, सत्यनारायण कधी? मी म्हटलं, घालू, पण पूजेला आम्ही दोघं बसणार. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', फक्त भांडण पुढं ढकललेलं.

मी गे आहे हे मी आईबाबांना एकदा नाही, अनेकदा सांगितलंय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, आधी जेवून घे. नंतर वेम्बलीच्या दुकानात सांगितलं, तर तिनं कोथिंबिरीची जुडी माझ्या नाकाशी धरली आणि ताजी आहे का विचारलं. घरी बाबांसमोर विषय काढला तर ते कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला उठले. तो कचरा न्यायचा दिवससुद्धा नव्हता.

घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. बाबांनी आयुष्यभर टपालाचं सॉर्टिंग केलं, आईनं शाळेच्या किचनमध्ये भांडी घासली. गाउनमधला माझा फोटो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी टांगलेला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? कौन्सिलचं पत्र असो की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मी म्हणेन ती पूर्व दिशा. फक्त या एका बाबतीत दोघांनाही ऐकू येत नाही.

माझा जोडीदार कार्डिफचा. त्याचे आजोबा इटलीहून आले आणि तिथं त्यांनी कॅफे काढला. त्यांच्याकडची तऱ्हा उलटी. त्यांना एका फटक्यात ऐकू आलं, मग रडारड, आजीच्या चर्चमधल्या मेणबत्त्या, मामांचे फोन. आता ती आजी पाहुण्यांना माझी ओळख त्याचा 'लॉजर', म्हणजे भाडेकरू, म्हणून करून देते आणि माझं ताट मात्र रिकामं होऊ देत नाही. लॉजरला इतका आग्रह करून कोण वाढतं? मी एकदा तिला विचारणार होतो, पण त्यानं टेबलाखालून लाथ मारली.

पूजेच्या सकाळी आई चौरंग, केळीची पानं आणि बाबा असा सगळा लवाजमा घेऊन हजर झाली. आल्या आल्या तिनं त्याला प्रसादाच्या शिऱ्याला लावलं. सव्वाचं माप तिनंच त्याला पूर्वी शिकवलेलं. रवा तो माझ्यापेक्षा चांगला भाजतो, हे ती चारचौघांत सांगते. मग वर बेडरूममध्ये आली. मी धोतराशी झटापट करत होतो. तिनं माझ्या हातात एक सुपारी ठेवली.

"ही कमरेला खोच."

बायको हजर नसली की पुरुषानं तिच्या जागी कमरेला सुपारी लावून पूजेला बसायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. एकटा बसलास तर बरं दिसत नाही, म्हणाली.

"आई, त्याच्या हातचा प्रसाद देवाला चालतो?"

"चालतो की. स्वच्छ आहे तो."

"मग तो शेजारी बसलेला का नाही चालत?"

"देवाला चालेल रे. खाली माणसं आलीत."

माणसं म्हणजे तिच्या मंडळातल्या मावश्या. एव्हाना गुरुजी खालून हाका मारत होते. ते सोमवार ते शुक्रवार आयटीत असतात आणि शनिवारी एकामागून एक पूजा करतात. त्यांना पुढं वेम्बलीला जायचं होतं. ज्याच्यासोबत मी हप्ते भरतो तो किचनमध्ये केळी कापतोय आणि माझ्या कमरेला सुपारी. मी खोचली आणि चरफडत खाली गेलो.

मांडी घालायला वाकलो आणि सुपारी सुटली. घरंगळत थेट गुरुजींच्या पुढ्यात गेली. त्यांनी उचलली, पाहिली आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "मिसेस इंडियात असतात का?"

झालं. ज्या प्रश्नाला आई भीत होती, त्याच्याहून मोठा प्रश्न तिच्याच सुपारीनं उभा केला. एक मावशी म्हणाली, अगं, लग्न कधी केलंस याचं, कळवलंसुद्धा नाहीस? दुसरीनं हळूच विचारलं, सोडून गेली का? बाबा पडद्याची दोरी तपासू लागले. आईनं कलशाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. देव मांडलेला, समोर खोटं बोलायची तिची हिंमत होईना. मीही मदत केली नाही. माझं सांगून झालं होतं.

"कुणी सोडून गेलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "घर दोघांचं आहे. दोघं बसतील."

मग किचनकडं तोंड करून त्याला इंग्लिशमध्ये हाक मारली: गॅस बंद कर, हात धू आणि लवकर ये. तो एप्रन घालूनच आला. गुरुजींनी एकदा घड्याळ पाहिलं, सुपारी तबकात टाकली आणि दुसरा पाट सरकवला. हाताला हात लावा म्हणाले तेव्हा त्यानं लावला. हाताला तूप होतं.

मावश्या शिरा वाखाणत डबे भरून घेऊन गेल्या. मला वाटलं, आता तरी आई काहीतरी बोलेल. ती निरांजन पुसत होती, कपाळाला आठी.

"तो डावीकडं बसला," ती म्हणाली. "उजवीकडं बसायचं असतं."

"उजवीकडं बायकोनं बसायचं असतं, आई."

"मग मी दुसरं काय म्हणतेय?" ती वैतागून म्हणाली. "एवढा शिकलास, तुला एक गोष्ट दोनदा सांगावी लागते."