गवती चहा लावला आणि सासूबाई आठवल्या

मंडळी, आज सकाळी नव्या सुनेला गवती चहाचा ठोंब लावायला दिला आणि मी थेट १९७४ सालात पोचले.

लग्न होऊन शुक्रवार पेठेत आले, तेव्हा माहेराहून, मोडनिंबहून असाच ठोंब ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. मुळं धरेपर्यंत पानांचा भार नको, म्हणून वीतभर ठेवून सगळी कापली.

सासूबाई कडाडल्या, "पानंच कापलीस की गं! आता काय बुडखा उकळायचा व्हय?"

पंधरवड्यात कोवळी पाती फुटली, तशा गल्लीभर सांगत सुटल्या, "आधी कापावंच लागतं की!"

आज सुनेनं कात्री उचलली आणि मीच ओरडले, "अगं, सगळी नको की!"

तुमच्याही तोंडून सासूबाई अशा अचानक बोलतात का हो?