अक्षता न पडल्याचा दाखला

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी राहात्याच्या स्टँडवर अर्धं गाव जमलं होतं. निरोप द्यायला आलं होतं असं वाटत असेल, तर तुम्ही आमचं गाव पाहिलेलं नाही. भर मांडवात नाही म्हणून परदेशी निघालेली पोरगी कशी दिसते, ते बघायला आलं होतं. माझे वडील, दादा, पेरूची पिशवी माझ्या हातात देत एवढंच म्हणाले, "मान वर ठिवून जा. आपन काय चोरी न्हाई केली." मी मान इतकी वर ठेवली की नाशिकपर्यंत दुखत होती.

आमच्याकडे साखरपुड्यातच लग्न उरकायची रीत पडली आहे. मांडव असतो, आचारी असतो, पाहुणे असतात. जेवणं होत आली की कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "सगळंच हाय, तर आजच बार उडवून टाकू." माझ्याही वेळी तेच ठरलं. जेवलेले लोक पांगले, घरची तेवढी उरली. मला पाटावर बसवलं आणि मुलाचे काका म्हणाले, "आता नर्शिंग बास. जर्मनी-बिर्मनी इसरायची." मी पाटावरून उठले. लग्न तिथंच मोडलं.

त्याला काही वर्षं झाली. इथल्या हॉस्पिटलात मी आता मुरले आहे. डॉक्टरच्या वेळेलाही 'टर्मिन'च म्हणते, आणि शिफ्ट संपली की रिकाम्या बाटल्या दुकानात परत करून अनामत घ्यायला विसरत नाही. इथल्याच टोबियासशी लग्न ठरलं तेव्हा नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, तुम्ही अविवाहित असल्याचा दाखला गावाहून आणा. माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, लग्न झाल्याचा पुरावा अल्बम भरून मिळतो. न झाल्याचा कुठून आणायचा?

रजा काढून गावी आले. तलाठ्याला घरच्यांखेरीज दोन साक्षीदारांचे जबाब हवे होते, आणि सही करायला कुणी धजेना. "आमी जेवून गेल्तो," जो तो म्हणे. "पोरगी अक्षता पडायच्या आधी उठली का नंतर, कुनाला म्हाईत?" मांडव उठला, पोरगी परदेशी गेली, लोकांनी आपापल्या मनानं माझं लग्न लावूनही टाकलं होतं. रजा संपत आली. कागद नाही, तर लग्न नाही. मला रडू नाही, संताप आला. जिलबीच्या वेळी मेले सगळे हजर होते!

आई म्हणाली, "द्वारकाबाईलाच इचार." द्वारकाबाई म्हणजे त्या मुलाची आई, माझी होता होता राहिलेली सासू. दादा उखडले, "कंच्या तोंडानं जायचं तिच्या दारात?" मी म्हटलं, ज्या तोंडानं नाही म्हटलं, त्याच तोंडानं. आणि गेले शेजारच्या गावाला. त्यांचा मुलगा केव्हाच लग्न होऊन संसाराला लागला होता. द्वारकामावशींनी माझं सगळं ऐकून घेतलं, हातातली मेथी बाजूला ठेवली आणि चपला शोधायला लागल्या.

चावडीत त्या खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. "अक्षता मी माझ्या हातानं रंगवल्या हुत्या. पोरगी पाटावरनं उठली. ताट भरल्यालं तसंच घरी नेलं अन् कोंबड्यांना टाकलं. एक दाना बी हिच्या डोक्यावर पडला न्हाई. लिवा."

तलाठ्यानं शब्द न् शब्द लिहिला. मावशींनी सावकाश, मोठ्या अक्षरात सही केली. त्यानंतर दुसरा साक्षीदार व्हायला चावडीबाहेर भांडणं लागली.

पुढे शिक्के, अनुवाद सगळं सुरळीत पार पडलं. इथल्या कार्यालयातल्या बाईंनी तो कोंबड्यांचा मजकूर दोनदा वाचला, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि तारीख दिली. आमचं लग्न झालं, आणि मी हॉलभर मिरवले!

घर म्हणजे काय, असं गावी राहिलेले तुम्हीही विचारता. पूर्वी वाटायचं, जिथून सुटायला जीव धडपडतो ते घर. आता तसं वाटत नाही. त्या दिवशी चावडीच्या पायऱ्या उतरताना दादांनी मावशींपुढे हात जोडले. मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, "आमच्या घरची झाली न्हाई म्हनून काय झालं? पोरगी आपलीच हाय."