विठ्ठलरावांची आत्या

अंबाजोगाईत, देवळामागच्या आमच्या गल्लीत, एक गोष्ट नळावर हळू आवाजात सांगतात. विठ्ठलरावांच्या आजोबांचं म्हणे नेकनूरला दुसरं घर होतं, आणि छबुबाई ही त्या घरची लेक. आजोबांना जाऊन जमाना झाला. बैठकीतल्या फोटोत हार घालून बसलेत, खुलासा करायला येत नाहीत. गोष्ट टिकली ती त्यामुळं.

छबुबाई विठ्ठलरावांच्या घरात रस्त्याकडच्या खोलीत राहते. नवरा गेल्यापासून भाकऱ्या थापून विकते. दवाखान्यात पेशंटपाशी बसलेली माणसं तिच्या दारातून पिठलं-भाकरी बांधून नेतात. जिभेला धार आहे, पण भाकरी चांगली असल्यानं गिऱ्हाईक ऐकून घेतं.

देवीला येणारी कोकणातली, पुण्याकडची मंडळी पूर्वी ओटी भरून परत जायची. आता मोटारीनं येतात, मुक्काम करतात आणि पहाटे गरम पाणी मागतात. विठ्ठलरावांची सून सायली हुशार. तिनं मागच्या खोल्यांत गाद्या टाकल्या, भिंतींना गुलाबी रंग दिला आणि फोटो मोबाईलवर चढवले. एका रात्रीचं जे येऊ लागलं, ते छबुबाईच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त. सगळ्या गल्लीनं हेच केलं. भाड्यानं राहणारे मास्तर गेले, नर्सबाया गेल्या. शेवटी सायलीची नजर रस्त्याकडच्या खोलीवर आली.

"छबुबाई, नवरात्राच्या आत खोली मोकळी करा," विठ्ठलरावांनी सांगितलं.

"आन् जाऊ कुटं?"

"गावाबाहेर प्लॉटिंगकडं स्वस्त हायत की."

"तिथं माज्या भाकरी कोन खाईल, कुत्री?"

गल्ली सुटली की गिऱ्हाईक सुटलं, हे विठ्ठलरावांनाही ठाऊक होतं.

त्याच सुमारास घरपट्टीची नवी पाहणी निघाली. जिथं यात्रेकरू ठेवतात, भाडेकरू आहेत, त्या घरांना वाढीव पट्टी. पाहणीला आला शिवशंकर, आमच्या शेजारच्या गल्लीत नुकताच बदलून आलेला पोरगा. त्या दिवशी खोल्या नेमक्या रिकाम्या होत्या. गाद्यांची थप्पी मात्र छताला टेकलेली.

"काका, इतक्या गाद्या कावून?"

"सोयरे लई हायत बाबा. येतेत, ऱ्हातेत."

शिवशंकर फिरत फिरत रस्त्याकडच्या खोलीशी आला. छबुबाई परातीत पीठ मळत होती.

"आन् ह्या? भाडेकरू का?"

विठ्ठलरावांच्या तोंडून निघून गेलं, "भाडेकरू कशाची? माजी आत्या हाय ती!"

छबुबाईचा हात पिठात थांबला. तिनं एकदा विठ्ठलरावांकडं पाहिलं, एकदा गाद्यांकडं. एका शब्दात ती त्यांची पट्टी वाढवू शकत होती. पण तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"ये बाबा, बस. भाच्याच्या घरून उपाशी जाऊ नको. इठ्ठला, हुबा काय ऱ्हायलास? चहाला दूध आन!"

जन्मात पहिल्यांदा 'राव' गळून पडला होता. विठ्ठलराव दूध आणायला गेले.

आमच्याकडं समोरच्याचं गाव विचारल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. शिवशंकरनं विचारलं, "आत्या, दिलंवतं कोन्या गावाला?"

"केजला. मालक गेले, मग हितंच आले."

"माहेरालाच ऱ्हाता म्हना की."

"भाचा सोन्यावानी हाय. जा म्हनून कदी म्हन्ला न्हाई. आन् म्हननार बी न्हाई. व्हय ना रे इठ्ठला?"

"व्हय," दूध घेऊन आलेले विठ्ठलराव म्हणाले.

शिवशंकर पाया पडला, घर 'राहतं' लिहून गेला, वाढीव पट्टी टळली. पण सुटका कुठली? तो दर मंगळवारी देवीला जाताना खोलीसमोर थांबू लागला. "आत्या, बऱ्या हाव का?" मग आत बघून, "काका, आत्याच्या खोलीत पंखा न्हाई व्हय?" पंखा आला.

नवरात्राच्या तोंडावर सायली कुरकुरली, "मामंजी, खोलीचं काय झालं?"

"आत्याला हाकललं तर शिवशंकर इचारल, कुटं गेली म्हनून. काय सांगू?"

दिवाळीला छबुबाई दारात उभी राहिली. "भाचेसून, माहेरवाशिणीची साडी कुटं हाय?" सायलीनं साडी दिली. ती देताना जे तोंड केलं, ते बघायला आम्ही दोघं-तिघं मुद्दाम ओट्यावर बसलो होतो.

साडी नेसून छबुबाई नळावर गेली, तेव्हा बायकांना प्रश्न पडला. विठ्ठलरावांच्या वडिलांना बहीण नव्हती, मग ही आत्या आली कुठून? छबुबाईचं खरं माहेर नेकनूरचं, एवढं कळल्यावर त्यांनी आजोबांना कामाला लावलं. गोष्ट विठ्ठलरावांच्या कानावर गेली. ते फोटोसमोर जाऊन उभे राहिले. आजोबांची अब्रू वाचवायची तर शिवशंकरला खरं सांगावं लागणार, मग पट्टी वाढणार. त्यांनी हार तेवढा सरळ केला.

खरं एवढंच आहे. आजोबांचं नेकनूरला कुणीही नव्हतं. छबुबाई भाडेकरू आहे, आणि दर महिन्याला जुनंच भाडं देते.