पोखर्णीच्या वाटेवरची जाड हवा

माझ्या धाकट्या बहिणीच्या, गंगूच्या, साखरपुड्याला मी पोखर्णीला तोंड काळं करून गेलो होतो. हे वाक्य अक्षरशः खरं आहे.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. परभणीत मोटारी कमीच, त्यात मी महाबळेश्वराहून मामांची जुनी मोटार आणली. डोंगरावर ती हरणासारखी पळायची. परभणीत आली आणि तिला खोकला लागला. कारण साधं होतं. तिकडे हवा विरळ, म्हणून मामांनी तिचं पेट्रोल कमी करून ठेवलं होतं. आपल्याकडे हवा दाट. आता काय करायचं हे मला तोंडपाठ होतं. (फक्त उलटं!)

"पोखर्णीला पोचंल न्हवं ही?" वडिलांनी, म्हणजे आबांनी, विचारलं.

"शास्त्र आहे, आबा! इथली हवा जाड. हवेनंच पोट भरलं तर पेट्रोल लागतं कशाला?" असं म्हणून मी पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरचा स्क्रू आणखी आवळला.

गाव सुटलं आणि 'धाड्!' उपाशी इंजिन उलटं शिंकायला लागलं. दुसऱ्या 'धाड्'ला रस्त्यावरची मेंढरं चहूकडे पांगली.

"बंदुका कशाला मारायलाय रे?" मेंढपाळ ओरडला.

तिसऱ्या आवाजाला आबांचा फेटा सुटला.

"दादा, मला उतरव," मागून गंगू म्हणाली. "मी चालत जाते. साखरपुडा माझा हाय!"

मी चिडून उतरलो आणि स्क्रू होता नव्हता तेवढा सैल केला. आता मोटार पेट्रोल ढोसून काळाकुट्ट धूर ओकायला लागली. एवढा धूर येतो कुठून, हे बघायला मी मागच्या नळीत डोकावलो आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसवलेल्या आबांना म्हणालो, "दाबा!"

आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच माझं ऐकलं.

तशाच काजळलेल्या तोंडानं आम्ही पोखर्णीच्या वेशीत शिरलो. तिथे अख्खं गाव रांगेत उभं! लांबून ते 'धाड्' ऐकून लोकांना वाटलं, सलामीचे बार उडतायत, तालुकदारसाहेब, म्हणजे निजामाचे कलेक्टरच, आले. सोयरे होणारे पाटील हार घेऊन पुढे. "सलाम, साहेब!" म्हणत त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला.

"पाटील, आमी हाव," आबा पुटपुटले. "ह्यो माझा पोरगा."

"ह्यो नेहमी असाच असतो?"

"न्हाई, धुतला की बरा दिसतो."

पाटलांचा चेहरा उतरला. "समद्या गावाला सलाम ठोकायला लावलात! माझं हसं केलं!" ते तडक माघारी वळले. पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला लागलं होतं, आणि तेही माझ्या शास्त्रापायी!

तेवढ्यात गंगूनं पदर सावरत मोटारीतून मान बाहेर काढली. "मामंजी, सलाम तुमी केला, तोंड दादाचं काळं झालं. फिट्टंफाट की!"

पाटील थबकले. माझ्याकडे पाहिलं. मग असे हसले, की वाजंत्र्यांना कळेना वाजवावं की थांबावं!

साखरपुडा थाटात झाला. परतताना मोटारीतलं पेट्रोल संपलेलं, म्हणून पाटलांनी तिला बैलजोडी जुंपून दिली. पुढे बैल, मागे स्टिअरिंग धरून हार घातलेला मी. वेशीतल्या एका म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "लेकरा, बैलायला मागून ढकलायला आणलीस व्हय ही गाडी?"

मी म्हणालो, "हो, आजी." त्या दिवशी लोकांना पटेल असं एवढंच एक उत्तर मला देता आलं!