आधी शेळी, मग शिव्या

माझ्या चुलतबहिणीएवढी मोठी साहेबीण आमच्या नेकनूरच्या पट्ट्यात झाली नाही, आणि साहेबीण म्हणून तिच्याएवढी नापासही कुणी झाली नाही. घरातली पहिली पदवी माझी, हे मी जमेल तिथं सांगतो. कारण दुसरी तिची, आणि त्यानंतर पहिलीची चौकशी कुणी केली नाही. आज पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीचं संगणकाचं सगळं काम तिच्या हाताखाली चालतं. काचेची खोली आहे, पण ती खोलीत बसेल तर शपथ. लहानपणी शेळ्यांमागं फिरायची तशी दिवसभर पोरापोरींच्या खुर्च्यांमागून फिरते. नोकरी मागायला आलेल्याला एकच विचारते, शेवटचं काय हरवलं होतं आणि कसं सापडलं. एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, माझं कधी काही हरवत नाही. "मग शोधायला कधी शिकणार?" असं म्हणून तिनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तिचा कारभाराचा कायदा एकच, तोही तिच्या वडिलांचा, आमच्या अण्णांचा. रानात शेळी चुकली की अण्णा म्हणायचे, "आधी शेळी हुडका, शिव्या मग." शेळी सापडेपर्यंत शिव्या विसरलेल्या असायच्या.

गेल्या वर्षी मी तिच्या ऑफिसात गेलतो, त्याच दिवशी आष्टीकडच्या एका नव्या मुलीच्या हातून चूक झाली आणि कंपनीचं कामकाज बंद पडलं. नेमकी त्याच आठवड्यात बहिणीला सगळ्यात वरची जागा मिळायची होती. वरचे साहेब फोनवर फोन करून एकच विचारत होते, चूक कुणाची? मुलगी रडत उठली, तर हिनं तिला खांद्याला धरून परत बसवलं. "रडू नको. शेवटचा हात कुठं लावलता, तेवढं दाखव." दिवस कलताना सगळं चालू झालं. साहेबांनी पुन्हा नाव विचारलं. "राखण माझी होती," ती म्हणाली, "माझं लिहा."

जागा गेली, हे मला तिथंच कळलं. मी चिडून म्हणालो, आता तरी त्या पोरीला चार शब्द सुनाव.

"दादा, शेळी सापडल्यावर राग कुठं ऱ्हातो?"

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. दुपारी मीच त्यांना कळवलं होतं. त्यांना एवढंच समजलं होतं, की पोरीच्या कळपातलं काहीतरी चुकलंय.

"सापडली का गं?"

"सापडली, अण्णा."

"मंग जेव आता. लई उशीर केलास."

फोन ठेवून ती काचेच्या खोलीत गेली आणि मी तिला पहिल्यांदाच तिथल्या खुर्चीत बसलेलं पाहिलं. डबा उघडून तिनं अर्धी भाकरी माझ्यापुढं केली, आणि जागेचं अण्णांना सांगू नको, असं हळूच म्हणाली.