नॉर्ब हुदाक दार वाजवतो

आमच्या लेकपोर्टमध्ये नॉर्ब हुदाकला शिव्या न घातलेला एक माणूस दाखवा, मी त्याला महिनाभर फुकट पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाऊ घालीन. सापडायचाच नाही. हॅमर्स हा आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, तो जिंकला की कोचचं कौतुक, हरला की नॉर्बचा उद्धार. कोच संघ खेळवतो, पण संघात कोण असणार ते नॉर्ब ठरवतो. जनरल मॅनेजर म्हणतात त्याला. खुर्ची मोठी आहे हो, पण माणूस आमच्यातलाच. पोलादाच्या भट्टीवर राबणाऱ्या बापाचा मुलगा. अजूनही ताट पावाच्या तुकड्याने पुसून खातो.

मी डोलोरेस झेमान. हॅमर्सचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. दारातून आत न मावणारी पोरं मला डी मावशी म्हणतात आणि ओरडा खाल्ल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. नॉर्बला मी ओळखते तो स्वतः खेळायला आला होता तेव्हापासून.

हो, खेळायला! आता ते पोट बघून कोणाला पटत नाही. गल्लीतलं पोर आपल्याच गावच्या संघाच्या शिबिरात गेलं म्हणून त्याचा बाप कारखान्यात छाती काढून फिरत होता. पण शिबिरात नव्वद जण येतात आणि त्रेपन्न राहतात. ऑगस्ट संपता संपता एके सकाळी खोलीचं दार वाजतं, कोणीतरी म्हणतं, "कोचने बोलावलंय. डावांची वही घेऊन ये." वही आणायला सांगितली की समजायचं, आपला कारभार आटोपला. त्या वेळी दार वाजवायला येणारा माणूस तर दारातूनच वही हिसकावून घ्यायचा. एक मिनिटात खेळ खल्लास, बाहेर गाडी उभी.

नॉर्बचं दार वाजलं. पण हा पठ्ठ्या घरी गेलाच नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन बटाट्याच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "डी, काहीतरी काम दे. घरी कोणत्या तोंडाने जाऊ?" संघाच्या गाडीला ड्रायव्हर हवा होता. काढलेल्या पोरांना विमानतळावर सोडायचं काम. हा रोज सकाळी घरून खेळाडूची पिशवी खांद्याला लावून निघायचा, आणि बापाला वाटायचं, लेक सरावाला चाललाय.

असं किती दिवस चालणार? हंगामाचा पहिला सामना लागला. बाप कारखान्यातली दहाबारा माणसं घेऊन आला. गळ्यात दुर्बीण. मला खिडकीतून दिसत होतं, अख्खा सामना तो माणूस चेंडूकडे न बघता बाकावर बसलेल्या पोरांच्या पाठीवरचे आकडे शोधत होता. सामना संपल्यावर मागच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आणि फाटकातून गाडी घेऊन बाहेर आला कोण? नॉर्ब. अंगात ड्रायव्हरचं जाकीट. बापाने बघितलं, मित्रांना हाताने जा म्हणून खुणावलं, आणि दार उघडून गाडीत बसला. पुढे काय झालं, देव जाणे. नॉर्ब कधी बोलला नाही आणि मी विचारलं नाही. म्हणजे, दोनदा विचारलं. त्याने दोन्ही वेळा सूपच मागितलं.

पण त्या गाडीनेच त्याचं नशीब काढलं. विमानतळाच्या वाटेवर काढलेली पोरं मोकळी व्हायची. कोण दुखणं लपवतोय, कोण मार खाल्ला की आधी उठतो, कोण हरल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवतो, सगळं नॉर्बच्या कानावर पडायचं. तेव्हाच्या मॅनेजरला ते कळलं आणि त्याने ह्याला खेळाडू हेरायला धाडलं. मग काय, नेब्रास्का म्हणू नका, डाकोटा म्हणू नका, जिथे कुत्रं फिरकत नाही अशा कॉलेजांच्या मैदानांवर हा थंडीत उभा. सगळे चेंडूमागे बघतात, हा आपटलेल्या पोराकडे बघत राहतो. "आपटला कसा ते कशाला बघू? उठतो कसा ते बघायचं," म्हणतो. मोठा शहाणा! त्याच शहाणपणावर टेक्सासचा एक पोरगा आणला, चेंडू फेकायला. त्याने दोन हंगाम हरून हरून आम्हाला रडवलं. तोवर नॉर्ब मॅनेजर झाला होता. लोकांनी त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवली. आमच्याकडची रीतच आहे ती, मॅनेजर नकोसा झाला की सांगायची. नॉर्बने पाटीवरच्या नंबरला फोन लावून विचारलं, "छप्पर गळतं त्याचं काय करणार?"

आता मला जी गोष्ट वर्षानुवर्षं छळत होती ती सांगते. मॅनेजर झाल्यावरही नॉर्बने दार वाजवायला दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही. स्वतः जातो. इतर संघांत हे काम हाताखालचा माणूस उरकून येतो. हा आत जातो, दार लावून घेतो, आणि लवकर बाहेर येत नाही. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. मग तो पोरगा लाल डोळ्यांनी बाहेर येतो आणि नॉर्ब त्याची पिशवी उचलून गाडीपर्यंत नेतो. आत काय बोलत असतील? पोरांना विचारलं तर एकही सांगत नाही. कपडे धुणारा ओटिस म्हणतो, प्रार्थना करतात. मालिश करणारा रूडी म्हणतो, "छे, नॉर्ब रडतो आणि पोरगा त्याची समजूत काढतो."

एकदा एक धिप्पाड पोरगा दार वाजलं की सापडायलाच नको म्हणून माझ्या शीतघरात जाऊन लपला. कोबीच्या गड्ड्यांमागे! नॉर्ब आत गेला, मी दाराला कान लावला. एक अक्षर ऐकू आलं नाही, मेली मशीन घरघरत होती. दोघं बाहेर आले ते ओठ निळे पडलेले, आणि पोरगा चक्क नॉर्बच्या खांद्यावर हात टाकून. मी म्हटलं, "नॉर्ब, काय जादू केलीस रे?" तर म्हणतो, "डी, कोबी सडायला लागलाय."

आणि मग या वर्षी शिबिरात माझा डॅमियन आला.

माझ्या मुलीचा मुलगा. मुलगी कामासाठी अॅरिझोनात, पोरगा शाळेपासून माझ्याकडे वाढलेला. बचावाच्या मागच्या फळीत खेळतो. त्याला हॅमर्सचा निळा शर्ट घालून मैदानात उतरलेला बघायचा, एवढं एकच मागणं होतं माझं. मेरीमातेपुढे मेणबत्त्या लावून लावून मी तिलाही वैताग आणला असेल. शेवटी त्या फळीत जागा उरली एक आणि पोरं दोन. डॅमियन आणि आयोवाचा एक लांबटांग्या.

मी नॉर्बला गाठलं. न्याहारीची अंडी त्याच्यापुढे आदळली आणि म्हटलं, "हे बघ, बटाट्याच्या पोत्यावर बसवून जेवू घातलंय तुला. माझ्या पोराला हात लावलास तर याद राख."

"अंडी कच्ची आहेत गं."

"तशीच मिळतील! मी काय म्हणतेय?"

त्याने काटा खाली ठेवला. "ऐकलं, डी. पोरगा गुणी आहे. अर्धं पाऊल उशीर होतो त्याला. अजून बघतोय मी." आणि त्याने ती कच्ची अंडी मुकाट्याने संपवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आशा असते ना वेडी, मी दुसऱ्या दिवशी त्याची अंडी नीट शिजवली.

काढायची सकाळ आली. त्या दिवशी मी दालचिनीचे रोल करते आणि कोणी खात नाही. खाली आलेले सगळे दाराकडे तोंड करून बसतात. वरच्या मजल्यावर एक दार वाजलं, मग अर्ध्या तासाने दुसरं. तिसरं वाजलं तेव्हा माझ्या हातातली पळी तशीच राहिली. डॅमियनची खोली जिन्यालगतच आहे. दार लागल्याचा आवाज आला. मी स्वतःशी म्हटलं, त्याच्या सोबत राहणाऱ्याला काढत असतील. आता अर्धा तास तरी हे आतच बसणार.

पण दार लगेच उघडलं. जिन्यावर दोघांची पावलं वाजली. खाली, माझ्याच दिशेने.

डॅमियन दारात उभा राहिला. मागे नॉर्ब, टोपी हातात.

"आजी," डॅमियन म्हणाला, "मला काढलं."

पोरगा सरळ उभा होता. "नॉर्बकाकांनी विचारलं, सगळ्यात आधी कोणाला सांगणार? म्हणाले, फोन लाव, तू सांगेपर्यंत मी इथेच बसतो. मी म्हटलं, फोन कशाला, ती खालीच आहे."

एवढंच? इतकी वर्षं बंद दाराआड एवढंच चाललं होतं? मी पोराला जवळ घेतलं. तो माझ्याहून दीड वीत उंच, तरी वाकून खांद्यावर डोकं टेकवून रडला. मग मी नॉर्बवर तुटून पडले. मेल्या, कृतघ्ना, खाल्ल्या मिठाला जागला नाहीस, काय काय बोलले ते इथे सांगत नाही. तो खुर्ची ओढून समोर बसला. उठला नाही, उलटून बोलला नाही. मी दमल्यावर म्हणाला, "झालं? अजून असेल तर बोल. मिसिसिपीची एक आई गेल्या वर्षी तासभर बोलली."

"प्रत्येकाच्या घरच्यांचं असं ऐकून घेतोस तू?"

"पोरांनी एकट्याने का ऐकावं? काढलं मी."

मी त्याच पोत्याच्या जागी बसले. पोतं आता नाही, तिथे स्टूल आहे. आणि मग तिसऱ्यांदा विचारलं, "त्या दिवशी गाडीत बाबा काय म्हणाले होते रे?"

या वेळी त्याने सूप मागितलं नाही. टोपी हातात फिरवत बसला.

"मला वाटलं मारतील. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून मांडीवर ठेवली. पूल ओलांडल्यावर म्हणाले, 'इतके दिवस एकट्यानेच सोसलंस होय रे?'"

डॅमियनने डोळे पुसले. मी उठून दोन रोल कागदात गुंडाळले, एक त्याच्या हातात दिला. दुसरा नॉर्बपुढे धरला. त्याने घेतला, कोटाच्या खिशात ठेवला, डॅमियनची पिशवी उचलून गाडीत नेऊन ठेवली, आणि परत येऊन जिना चढायला लागला. वर अजून दारं वाजवायची होती.